तालयंत्र : बाजू पहिली

वरच्या आळीतून खालच्या आळीत चालत यायला दहा मिनिटं लागतात. हरिहर अठरा वर्षांनी आला. हातातल्या पिशवीत छोटा सीडी प्लेअर होता आणि हॉलंडहून आलेली एक सीडी.

दार मथुरावहिनींनी उघडलं. आत वळून त्या म्हणाल्या, "अहो, बघा कोण आलंय!"

आत्माराम पडवीत झोपाळ्यावर बसून फणसाच्या आठळ्या सोलत होता. त्यानं मान वर केली.

"वाट चुकलास?"

"नाही रे. तुला एक ऐकवायचं होतं."

सीडी येऊन आठ दिवस झाले होते. बायको, कमला, गेल्यापासून घरात सांगण्यासारखं कोणी उरलं नव्हतं. हरिहरनं सोबतचं पत्र आधी पोस्टमनला वाचून दाखवलं, मग दूध घालणाऱ्या बाईंना. दोघंही "बरं झालं हो" म्हणाले आणि पुढच्या घरी गेले.

"आपली कॅसेट," तो म्हणाला. "तालयंत्र. मुंबईत जुन्या बाजारात कोणा परदेशी माणसाला मिळाली. त्यांनी तिची सीडी काढली. म्हणतात, शहाऐंशी साली असलं नाचायचं संगीत जगात फार थोडे लोक करत होते. टेक्नो म्हणतात त्याला. तिकडची पोरं नाचतायत त्यावर."

इथं कोणी नाचलं नव्हतं. आत्मारामच्या भावानं मस्कतहून आणलेलं रिदम मशीन आणि हरिहरचा कीबोर्ड घेऊन दोघं चार महिने मागच्या खोलीत बसले होते. शब्द नाहीत, गाणारं कोणी नाही, नुसते ठेके. गणपतीत मंडळानं ती कॅसेट लावली आणि पाच मिनिटांत काढून आरत्या लावल्या.

"लाव," आत्माराम म्हणाला.

हरिहरनं बटण दाबलं. पहिला तुकडा सुरू झाला. आत्माराम थोडा वेळ ऐकत राहिला.

"तेव्हाही पळत होतं. आताही पळतंय."

हरिहरनं आवाज बारीक केला. हे बोलायचं असं तो घरातून ठरवून निघाला नव्हता.

"आत्माराम, ते मी केलं. कॅसेटची पहिली बाजू चार मिनिटं लांब पडत होती. कंपनीवाले म्हणाले, एक तुकडा काढा. मला कुठलाच काढवेना. मग मीच सांगितलं, वेग वाढवा. तुला विचारलं नाही. तू रागावलास तेव्हा कंपनीची चूक म्हणून सांगितलं."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"त्याच महिन्यात. रेकॉर्डिंग करणारा देवरूखचा होता, त्यानंच सांगितलं. तू कधी सांगतोस ते बघत होतो."

मथुरावहिनी चहा घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या.

"मग? आवडलं म्हणतात ना? काय आवडलं त्यांना?" आत्मारामनं विचारलं.

हरिहरनं खिशातून पत्र काढलं. त्याला ते तोंडपाठ होतं. तरी त्यानं चष्मा लावून ती ओळ शोधली.

"वेग," तो म्हणाला.

आत्माराम हसला. मोठ्यानं नाही, पण हसला. त्यानं आठळ्यांची परडी बाजूला सरकवली आणि हात पंच्याला पुसले.

"पहिल्यापासून लाव."

हरिहरनं तुकडा पुन्हा लावला. आत्मारामनं डोळे मिटले, बोटं झोपाळ्याच्या फळीवर टेकवली आणि ठेका धरला. त्याचा ठेका यंत्राशी जुळत नव्हता. यंत्र पुढे निघालं, तो मागे राहिला, आणि त्यानं ते गाठायचा प्रयत्नही केला नाही. जिथं जिथं भर द्यायचा, तिथं तिथं तो आपल्या वेळेला देत होता.

तुकडा संपला. हरिहरनं यंत्र बंद केलं. वहिनी काही बोलणार होत्या, त्यानं हातानंच थांबवलं.

आत्मारामची बोटं फळीवर चालूच होती. मूळ वेगानं अजून पाऊण मिनिटाचं वाजवायचं राहिलं होतं.