आडनावकोशातल्या दोन ओळी

चष्मेवाल्याने जाडजूड कोश टेबलावर उघडला आणि पान दोनशे बारावर बोट ठेवलं.

"सर, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

आडनावांची मुळं शोधण्यात उभी हयात घालवलेले सर वाकून वाचू लागले. त्यांच्या नाकावरचा चष्माही याच माणसाच्या, कोपऱ्यावरच्या दुकानातला. नोंद दोनच ओळींची होती. चष्मेवाल्याचं आडनाव, पुढे एक संस्कृत धातू, त्याचा अर्थ 'फोडणे', आणि मग: 'राजाशी फितुरी केल्याने हद्दपार झालेल्या घराण्यास हे नाव पडले.'

"मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर आलंय. काल तिच्या होणाऱ्या आजेसासऱ्यांनी हे वाचलं. म्हणतात, फितुरांच्या घरातली सून नको." "आम्ही कुणाशी फितुरी केली हो? माझा बाप भिंगं घासायचा, त्याचा बापही भिंगंच घासायचा."

ही नोंद लिहिली ती दुपार सरांना लख्ख आठवली. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. सरांनी जन्मभर तेच शोधलं होतं. साडेतीन हजार आडनावं. कुणाला गावावरून मिळालेलं, कुणाला हुद्द्यावरून, कुणाला खापरपणजोबाच्या एखाद्या खोडीवरून. या एकाचा मात्र कुठे पत्ताच लागेना. पोथ्यांत नाही, जुन्या कागदांत नाही. छापखान्याचा माणूस दारात खोळंबलेला, आणि विद्वानाच्या हातून रिकामी जागा काही सुटत नाही. सरांनी त्या नावाला जवळचा वाटला तो धातू चिकटवला, धातूला एक गोष्ट चिकटवली आणि ते जेवायला बसले.

"हा... हा माझा अंदाज होता," सर म्हणाले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग तेवढंच त्यांना सांगा. तुमचा शब्द ते मोडायचे नाहीत."

चष्मेवाल्याने नंबर लावून फोन स्पीकरवर टाकला. रिंग वाजत होती तेवढ्यात त्याने सवयीने सरांचा चष्मा उतरवला, खिशातल्या इवल्याशा स्क्रूड्रायव्हरने त्याची ढिली काडी आवळली आणि परत त्यांच्या नाकावर चढवला. फोन उचलला जाताच सरांनी आपलं नाव सांगितलं.

"सर, तुम्ही स्वतः?" आजेसासरे गहिवरलेच. "अहो, तुमचा कोश म्हणजे आमच्या घरी प्रमाण!"

"त्यातली ती नोंद चुकीची आहे. तिला काही आधार नाही. मी मनाने लिहिली."



"मुलीचे वडील तिथेच बसलेत ना, तुमच्यासमोर?"

"हो, पण..."

"कळलं. भिडेला बळी पडताय तुम्ही. मन मोठं आहे तुमचं."

"अहो, मीच लिहिलंय आणि मीच सांगतोय!"

"सर, मी आणखी दोन पुस्तकं काढून पाहिली. त्यांतही हेच आहे."

"त्यांनी माझंच उतरवून घेतलंय!"

"असं कसं? सगळेच कसे चुकतील?" आजेसासरे समजुतीने म्हणाले आणि प्रकृतीला जपायला सांगून त्यांनी फोन ठेवला.

सर त्या बंद फोनकडे बघत राहिले. लोक लांबून लांबून ज्याला आपलं कूळ विचारायला येत, त्या माणसाचं आपल्याच दोन ओळींपुढे काही चालेना.

"पुढच्या आवृत्तीत काढून टाकतो," ते पुटपुटले. पंधरा दिवसांत कसली आवृत्ती निघते! त्यांनी मान खाली घातली.

चष्मेवाल्याने कोश मिटून काखेत मारला. दारापर्यंत गेला आणि तिथून वळला.

"सर, मग खरं कशावरून आलंय आमचं नाव?"

"माहीत नाही."

चष्मेवाल्याने उंबऱ्यात पायांत चपला सरकवल्या.

"हेच छापायचं होतं," तो म्हणाला. "चाललं असतं आम्हाला."