सुरुवातीचा श्वास

एवारिस्तोने जाळ केला तो मुद्दाम अंगणात, भिंतीपलीकडच्या पालोमिनोसला दिसेल असा. लष्कराने सत्ता बळकावल्यापासून वालपराइसो बंदराच्या त्या टेकडीवर सैनिक घरोघर झडती घेत होते, आणि कोणाच्या घरात काय दडलंय हे त्यांना सांगायला पालोमिनोससारखे शेजारी होतेच.

"बरं केलंस," पालोमिनोस भिंतीवरून म्हणाला. "पोरापायी घर कशाला पणाला लावायचं?"

एवारिस्तोने रेकॉर्ड उचलली. तिच्या कव्हरावर त्याचा पोरगा निबाल्दो होता, खांद्यापर्यंत केस, हातात बासरी. त्याच्या बँडची ही एकुलती एक रेकॉर्ड, आता बंदी घातलेली. अख्ख्या बाजूभर एकच गाणं: आधी डोंगरातली बासरी, मग इलेक्ट्रिक गिटारींचा असा धिंगाणा की बाप डोक्यावर उशी घ्यायचा. "मेंढपाळाला बोटीच्या इंजिनात कोंडलंय," म्हणायचा. पोरगं खो खो हसायचं. त्याच पोराला सैनिकांनी नेऊन महिना होत आला होता. कुठे नेलं, कोणी सांगत नव्हतं.

कव्हर रेकॉर्डसकट जाळात पडलं. काळा, घाणेरडा धूर निघाला. त्याची बायको ओर्तेन्सिया दारात उभी राहून नुसती बघत होती. आईचं काळीज, आणि डोळ्यांत टिपूस नाही. एवारिस्तोला ते खटकलंच.

तो स्वतः मात्र निवांत होता. काल रात्री ती झोपल्यावर त्याने कपाटातल्या दोन रेकॉर्डींची अदलाबदल केली होती. निबाल्दोची त्यांच्या लग्नात वाजलेल्या वॉल्ट्झ नाचाच्या कव्हरात, वॉल्ट्झची निबाल्दोच्या. तीही अंधारात चाचपडत, कारण दिवा दिसला की गस्तवाले दार ठोठावायचे. बायकोला त्याने सांगितलं नव्हतं. ती खरीखुरी रडली तरच पालोमिनोसला पटणार होतं.

पालोमिनोस आत गेला, तशी ओर्तेन्सियाने नवऱ्याला घरात घेऊन दार लावलं. कपाटातून वॉल्ट्झचं कव्हर काढून छातीशी धरलं. महिन्याभरात ती पहिल्यांदा हसली.

"म्हाताऱ्या, रागावू नकोस. जळली ती आपली वॉल्ट्झ. काल दुपारी तू बंदरावर होतास ना, तेव्हाच मी दोन्हींची कव्हरं बदलून ठेवली. पोरगं या कव्हरात आहे."

तिने दुपारी बदललेलं एवारिस्तोने रात्री पुन्हा होतं तसं करून ठेवलं होतं. आणि आज पोराचीच रेकॉर्ड आपल्या हाताने जाळात टाकली होती.

"तुला नाही सांगितलं. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं," ती म्हणाली. मग हळूच, "जरा लावू? गाणं नको. बासरी फुंकायच्या आधी तो श्वास घेतो ना, तेवढाच. अगदी कान लावून ऐकेन."

तिची बोटं कव्हरात शिरली. त्याने पटकन तिचा हात धरला.

"नको, म्हातारे. भिंतींना कान आहेत."

"मग कधी?"

त्याने कपाटाकडे बोट केलं.

"तो आला की तोच लावेल. तोवर ही बाहेर काढायची नाही. शपथ घे."

तिने कव्हर परत कपाटात ठेवलं, त्यावरून हात फिरवला आणि शपथ घेतली. निबाल्दोचीच घेतली.