नव्या पुलावरची गाडी
जुना रेल्वेपूल खिडकीला खेटून होता. गाडी गेली की काचा खडखडायच्या आणि आंधळे सासरे विचारायचे, “सूनबाई, आला का गं तो?” त्यांचा वेल्डर मुलगा शेजारचा नवा पूल बांधताना पडून वारला होता; पण सासऱ्यांच्या डोक्यात ते टिकत नव्हतं. “पुढच्या गाडीने येतील,” ती म्हणायची. कामासाठी गाड्या एक दिवसही थांबवल्या नव्हत्या, तो पडला त्या दिवशीसुद्धा नाही. आज पहिल्यांदाच गाड्या नव्या पुलावरून धावल्या, जराही आवाज न करता. काचा खडखडल्याच नाहीत. सासऱ्यांनी विचारलं, “गाड्या बंद आहेत का गं?” खिडकीबाहेरून भरलेली गाडी अलगद चालली होती. “हो बाबा, बंद आहेत.” “मग कसा येणार बिचारा? तू जेवून घे, वाट बघू नकोस त्याची.” नवरा गेल्यापासून हे तिला कुणीच म्हटलं नव्हतं. तिने वाढून घेतलं.