पुढे चालणारा

कत्तलखान्यात त्याचं काम एकच, मेंढ्यांच्या पुढे चालायचं. चार दिवस तो त्यांना हाताने चारा घालायचा, मग नुसतं "या गं, या" म्हटलं की अख्खा कळप त्याच्या मागोमाग निमूट आत शिरायचा. काठी कधी उचलावी लागली नाही. वीस वर्षांत त्याला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब सांगत होते, "मेंढपाळ पुढे चालतो. कळप त्याचा आवाज ओळखतो आणि निर्धास्त मागे जातो." मग त्यांनी हात पसरले. "या, पुढे या."

सगळे उठले. बायकोने त्याला कोपराने ढोसलं. "अहो, उठा की. बोलावताहेत."



"त्यांच्या पाठीमागचं ते दार," त्याने बसल्या जागेवरूनच विचारलं, "कुठे उघडतं?"