आधी कोणाची यादी?

"पत्रिकेत आमची नावं खाली?" होणाऱ्या नवऱ्याची आत्या फोनवर कडाडली.

आमच्या लग्नाची ऑनलाइन पत्रिका मीच बनवली होती. जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत माहेरच्या आणि सासरच्या नावांच्या दोन याद्या जोडायला कोडची एक ओळ पुरते. त्या ओळीत अदलाबदल केली आणि सासरची यादी आधी घेतली. तासाभरात माझा मामा रुसला. "मग मी लग्नाला येतच नाही!"

शेवटी कोडच बदलला. ज्याला लिंक पाठवीन, त्याला आपलंच नाव सगळ्यांत वर दिसेल. आत्या खूश, मामा खूश.

सीमांतपूजनाला दोघं शेजारी बसले. "पाहिलंत? माझं नाव पहिलं," म्हणत आत्यानं फोन पुढे केला. मामानं चष्मा चढवला, मग हळूच आपला फोन काढला.

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. दोन्ही घरं पहिल्यांदाच एक झाली, तीही माझ्याविरुद्ध.