कुंडावरची पसंती

"कोळशाची मोटार हाकायची आन् पांढरा सदरा घालू? सांजपत्तुर त्याचा तवा हुईल," कमरुद्दीन कुरकुरला.

"हू द्या. मी धुईन," जहिरा म्हणाली आणि तिनं सदरा बापाच्या अंगात चढवलाच. आदल्या दिवशी तिनं त्याच्या दाढीला मेंदीही लावली होती.

कमरुद्दीनने फार ताणलं नाही. आज लेक खुशीत असणं त्याच्या सोयीचं होतं. मिरजगाव ते नगर अशी त्याची मोटार चाले. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून गाडीच्या मागं कोळशाच्या गॅसची भट्टी बसवलेली. आज उतारू घ्यायचे नव्हते. लेकीला आणि थोरल्या बहिणीला, बद्रुन्निसाला, तो निघोजच्या कुंडावर नेणार होता. तिथं नदीच्या पाण्यानं काळ्या कातळात रांजण कोरलेत म्हणे, ते बघायला. निदान जहिराला सांगितलं होतं तसं.

खरा बेत वेगळा होता. आई वारल्यापासून जहिरा लग्नाचं नाव काढू देत नव्हती. एका स्थळाचं गाव लांब, दुसऱ्याचं नाक लांब. "मी गेले तर तुमाला कोन बघनार?" म्हणून एकदा ती रडलीही होती. तिच्या मैत्रिणींच्या कडेवर लेकरं आली आणि ही बापाच्या भाकरी थापत राहिली. आपल्या पायी पोरीचा जन्म असाच जाणार, हे कमरुद्दीनला आतून खात होतं.

शेवटी त्यानं बद्रुन्निसाला गळ घातली. तिनं पारनेरकडचं स्थळ शोधलं. मोहियोद्दीन नावाचा मुलगा आणि त्याची थोरली बहीण जरीना कुंडावर अगदी अवचित भेटतील, असं ठरलं. पाटावर बसवलं की जहिरा बिथरायची. सहज गाठ पडल्यावर काय करणार होती?

गाव सुटलं आणि माळ लागला. चैत्राचा माळ तो, नजर जाईल तिथवर कुसळं आणि हिवराची झुडपं. ओढ्यांत पाण्याऐवजी वाळू. नगर मागं पडल्यावर तर रस्त्यावर चिटपाखरू दिसेना. चढ आला की गॅस कमी पडे, मग तिघांनी उतरून गाडी ढकलायची.

"ही मोटार हाय का अडेल रेडा?" बद्रुन्निसा धापा टाकत म्हणाली. "कमरू, माझी हाडं इथंच पुरा आता."

जहिरा खळखळून हसली. बापाच्या गालावर काजळी उडाली होती, ती तिनं ओढणीनं पुसली. दर ढकलाढकलीनंतर ती हेच करत होती. कमरुद्दीनला भरून आलं. ही पोर दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आपलं तोंड कोण पुसणार, हा विचार त्यानं जोर करून मागं सारला.

कुंड दिसलं आणि तो सगळंच विसरला. एवढ्या कोरड्या मुलखात जमीन दुभंगून काळा कातळ वर आलेला, आणि त्यात मोठाले गोल रांजण, काठोकाठ हिरव्या पाण्याचे. कुणी घडवले असतील असे गुळगुळीत.

"अल्लाची करनी," तो पुटपुटला.

तेवढ्यात ठरल्याप्रमाणे ती दोघं अवचित आली. बद्रुन्निसानं अचंब्याचं सोंग बरं वठवलं. मोहियोद्दीन उमदा होता, नजर सरळ. फक्त कमरुद्दीनला 'चाचा' म्हणायचं तो टाळत होता, 'तुमी' 'तुमी' करून वेळ मारून नेत होता. लाजत असेल, कमरुद्दीनने मनाशी म्हटलं. जरीना पस्तिशीची, शांत बाई. तिच्या हातात काकणं नव्हती. प्रवासात फुटतील म्हणून काढली असतील.

शिदोरी सुटली. जेवण झाल्यावर मोहियोद्दीन पलीकडच्या कातळावर जाऊन बसला आणि चक्क जहिराही तिकडं गेली. दोघांचं हळू आवाजात काहीतरी चाललं. तो विचारत होता, ती मान खाली घालून उत्तरं देत होती. कमरुद्दीनला नदीत उडी टाकावीशी वाटली, इतका आनंद झाला.

इकडं जरीनानं विचारलं, "पोरगी सासरी गेली की तुमचं कसं हुनार?"

मुलाकडची माणसं घरदार चाचपणारच. कमरुद्दीनने आवाज चढवला, म्हणजे जहिरालाही ऐकू जावं. "माझी काय काळजी करायची न्हाई! भाकरी मला येती. कालवन बी जमतं. दारू न्हाई, तंबाकू न्हाई. कुनावर वरडत न्हाई. तब्येत ठणठणीत हाय."

जरीना पदराआड हसली. "एकटं वाटत न्हाई?"

यावर मात्र त्याला खोटं बोलता येईना. "वाटतं," तो म्हणाला. "दिवेलागणीला लई वाटतं."

"मला बी," जरीना हलकेच म्हणाली. मोठ्या मनाची बाई, त्याला वाटलं. असं घर मिळालं तर पोरीचं सोनं होईल.

उन्हं कलली. मोहियोद्दीन आणि जहिरा परत आले, दोघंही हसत. बद्रुन्निसानं पदराच्या गाठीतली साखर सोडली.

"अब्बा, मला पसंत हाय," जहिरा म्हणाली.

त्याला हुंदका आवरेना. "खरं सांगती न्हवं? माझ्यासाठी म्हनून हो म्हनू नगंस."

"तुमच्यासाठीच म्हनते," जहिरा म्हणाली आणि तिचेही डोळे भरले. "तुमचं मार्गी लागलं की माझं बी बघा. आता न्हाई म्हननार न्हाई मी."

कमरुद्दीन गोंधळून बहिणीकडं बघू लागला. मोहियोद्दीनने जरीनाकडं पाहिलं. तिनं पदर ओढून मान हलवली. मग त्यानं चिमूटभर साखर घेतली, अदबीनं पुढं झाला आणि ती कमरुद्दीनच्या तोंडात घातली.

"मग दाजी," तो म्हणाला, "निकाहाची तारीख कवाची धरायची?"