आपले खाते उघडले आहे

"गेला म्हणता, मग गेला कुठं?" सुकेशनीबाईंनी फोनवर तिसऱ्यांदा विचारलं.

निकितानं समोरच्या यादीवर पुन्हा नजर फिरवली. पेडगावच्या शाळेतल्या सहावीचे चाळीस पालक. चाळीस मेल. प्रत्येकापुढे पोचल्याची हिरवी खूण. पण मेलमधलं बटण दाबून खातं पक्कं केलेला पालक एकही नव्हता.

"बाई, इथं पोचल्याचं दिसायलंय."

"तुमाला दिसायलंय. पालकांना दिसंना झालंय. उद्या दुपारी संस्थेचे लोक येणार. निम्मे तरी पालक जोडलेले दाखवा, नाहीतर काम पुण्याला जाईल. तुमच्यासाठी शब्द मी टाकलाय."

सेलूत स्वतःचं ऑफिस थाटल्यावर निकिताला मिळालेलं हे पहिलंच काम. निकाल, गैरहजेरी, सुट्ट्या, सगळं पालकांना शाळेच्या संकेतस्थळावरून मेलनं कळणार होतं. बाकी सारं तयार होतं. घोडं अडलं होतं ते पहिल्याच मेलपाशी.

सोमवारी तिनं विषय लिहिला, 'आपले खाते उघडले आहे'. बाई म्हणाल्या, फार मवाळ आहे, कोण लक्ष देतंय. मंगळवारी तिनं पुढे 'तातडीचे' जोडलं. बुधवारी, बाईंच्याच आग्रहावरून, 'आजच बटण दाबा, अन्यथा खाते बंद होईल'. तरी शून्य. स्वतःच्या, आईच्या, बाईंच्या पत्त्यावर पाठवून पाहिला. तिन्हीकडे क्षणात आला.

शेवटी तिनं यादीतल्या पहिल्या पालकाला, दत्तरावांना, फोन लावला.

"मेल-बिल काय न्हाई ताई. सांजच्याला फोन धम्मशीलाकडंच असतो. पोरीलाच कळतंय त्यातलं. ती म्हणती, कामाचं काईच आलं न्हाई."

"काका, स्पॅममधी बघता का?"

"ते कुठल्या तालुक्यात आलं?"

निकितानं डोकं टेबलावर टेकवलं.

शुक्रवारी सकाळीच तिनं पेडगाव गाठलं. बाई व्हरांड्यात उभ्याच होत्या.

"किती झाले?"

"शून्य."

"यापेक्षा मी दवंडी पिटवली असती तर बरं झालं असतं." बाईंनी घड्याळ बघितलं. "चला, सहावीवर माझाच तास आहे. पोरांनाच विचारू, घरच्या फोनचं काय बिघडलंय."

मुलं उभी राहिली, नमस्कार करून बसली. वर्गात पाऊल टाकताच बाईंचा आवाज निवळला. पाहुणीपुढे वर्ग मिरवायचा मोह त्यांना आवरला नाही.

"या सेलूच्या कम्प्युटरवाल्या ताई. आधी यांना आपला या महिन्याचा उपक्रम सांगा बरं. धम्मशीला, तू सांग. फसवा मेल कसा वळखायचा?"

दोन वेण्यांची मुलगी हाताची घडी घालून उभी राहिली. "त्यात खात्याचं काईतरी असतंय. घाई लावतेत. अन् बटण दाबा म्हणतेत."

"मग काय करायचं?"

"आईबापाचं बोट पडायच्या आधी पुसून टाकायचा," अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला.

"शाब्बास. या आठवड्यात किती पुसले?"

धम्मशीलानं वही उघडली. "सोमवारी चाळीस, मंगळवारी चाळीस, बुधवारी चाळीस. एकबी सुटला न्हाई, बाई."